कोयता घेताय? आधी हे बघा

दादा, ऑनलाइनचा चकचकीत स्टीलवाला घेऊ नका, मी घेतलेला, करवंदीच्या जाळीत दुसऱ्याच दिवशी धार दुमडली. त्यापेक्षा आठवडी बाजारात लोहाराकडे जा आणि ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा कोयता मागा, दिसायला काळा ओबडधोबड असतो पण पाणी नीट दिलेलं (तापवून, बुडवून कडक केलेलं) असेल तर वर्षानुवर्षं चालतो. धारेवर कानस हलकी ओढून बघा, अजिबात न धरता घसरली तर पातं फार कडक, टवका उडेल, आणि लोण्यासारखं कापत गेली तर मऊ. मूठ लाकडी, बिनपॉलिशची, नाहीतर घामाने सटकते बघा. घाणेरीच्या झुडपांना हा बास, नुसत्या गवताला मात्र विळाच घ्या, उगाच मनगट दुखवू नका.