बर्फात ट्रक काढण्याआधी

अरे, रिमोटवर चालणारा तुझा आरसी ट्रक नवा आहे म्हणून लगेच फूटभर बर्फात घालू नकोस. आधी चाकाच्या निम्म्या उंचीइतकाच बर्फ बघ. इथे मिनेसोटात उणे १५ ला पडलेला भुसभुशीत बर्फ परवडतो. शून्याच्या आसपासचा ओला बर्फ मात्र बेकार. सस्पेन्शनमध्ये त्याचे गोळे होतात, चाकं जड होतात आणि मोटर तापते. एवढ्या थंडीतही तापते, हे नव्या माणसाला पटतच नाही! पाच-सात मिनिटांनी थांबून मोटरला जपून बोट लाव. बोट ठेववत नसेल तर थोडं थांब. पिनियन, म्हणजे मोटरवरचं छोटं दातेरी चाक, एक-दोन दात्यांनी लहान टाक. वेग थोडा कमी होईल, पण मोटर वाचेल.

लायपो बॅटरी (लिथियम-पॉलिमर) गाडीत लावेपर्यंत जाकिटाच्या आतल्या खिशात ठेव. गार बॅटरीत दम नसतो. लो-व्होल्टेज कटऑफ, म्हणजे बॅटरी फार उतरली की मोटर थांबवणारी सोय, चालू आहे ना, तेही बघ. घरी आल्यावर ती खोलीइतकी कोमट होईपर्यंत चार्जरला अजिबात लावायची नाही.

गाडीला उड्या मारायला लावणं कमी कर, कडाक्याच्या थंडीत चाकं धरणारे प्लॅस्टिकचे आर्म काचेसारखे तुटतात.

आणि वाळवायचा आळस नको. मी एकदा गाडी तशीच गॅरेजात टाकून जेवायला गेलो. आठवड्याने चाक फिरवलं तर करकर आवाज, बेअरिंगमधून तांबडं पाणी. आठही बेअरिंग बदलावी लागली. आता आधी ब्रशने बर्फ झाडतो, चाकं काढतो, रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरच्या डबीत ओल आहे का पाहतो, पंख्यासमोर ठेवतो आणि प्रत्येक बेअरिंगला तेलाचा थेंब देतो. बायको म्हणते, स्वतःचे बूट कधी एवढे पुसले नाहीत.