ट्रेलरची केबल आत जाता जात नाही!

प्रश्न: काका, आम्ही मे महिन्यात जुना 22 फुटी कॅम्पिंग ट्रेलर घेतला. त्याची विजेची जाड काळी केबल बाजूच्या भिंतीतल्या छोट्या झाकणातून बाहेर येते. ओढली की भराभर येते, पण निघायच्या दिवशी आत ढकलताना पाच-सहा फुटांवर अडून बसते. सप्टेंबरअखेर लडिंग्टन स्टेट पार्कला थंडीने ती काठीसारखी ताठ झाली होती. शेवटी ह्यांनी उरलेली केबल पंजा-कोपरावर गुंडाळून टेबलाखाली टाकली. काही उपाय आहे का? आणि कॅम्पवर जास्तीची केबल, ट्रेलरला वीज देणारा जो खांब असतो त्याच्यापाशी गुंडाळून ठेवली तर चालते का?
– एक वाचक, ग्रँड रॅपिड्स, मिशिगन

उत्तर: ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यात आगीचा धोका आहे. एसी चालू असताना केबल गुंडाळून ठेवायची नाही. एका जुलैत हा शहाणपणा मीच केला होता. खांब लांब, म्हणून आणखी 25 फुटांची जोड-केबल लावली. उरलेलं वेटोळं पायात येऊ नये म्हणून छान रचलं आणि वर चटई टाकली. एसीचे 13-14 अँपिअर, पाण्याच्या हीटरचे 12. दुपारी चटई उचलली तर मधल्या फेऱ्यांना हात लाववेना आणि वरचं रबर मऊ पडलेलं. लोक म्हणतात, वेटोळ्याचं चुंबक होतं म्हणून केबल तापते. तसं नाही. जाणारा आणि परतणारा प्रवाह एकाच केबलमधून शेजारी-शेजारी वाहतो, त्यामुळे चुंबकाचा परिणाम जवळपास खोडला जातो. केबल थोडी तापतेच. मोकळी असली की ती उष्णता हवेत जाते, वेटोळ्यात कोंडून राहते, एवढंच. म्हणून जास्तीची केबल ट्रेलरखाली नागमोडी, सैल पसरा. जोड मात्र डबक्यात किंवा ओल्या गवतात येऊ देऊ नका.

आता भोकाचं. पलंगाखालची फळी काढून आत बघा. बहुतेक वेळा केबल उतरते तिथेच पाण्याचा पाइप नाहीतर एखादी लाकडी पट्टी आडवी आलेली असते. तिथे एक पसरट प्लास्टिकचं टब ठेवलं की केबल त्यात आपोआप लोळते. आत ढकलायच्या आधी अर्धा तास उन्हात पसरा आणि फडक्यातून ओढून घ्या, लडिंग्टनची वाळू आत जायला नको. मग हातभर-हातभर सारायची. घाई केली की अडलीच.

पण खरं सांगू? मी हे दोन उन्हाळे केलं आणि मग कंटाळून भिंतीत सॉकेट बसवून घेतलं. आता केबल दोन्हीकडून सुटी होते. सॉकेटमध्ये घालून फिरवायची आणि बाहेरची रिंग आवळायची. ही रिंग विसरू नका, सैल जोड तापून काळा पडतो. काम तासा-दोन तासांचं आहे, पण आतल्या जोडणीची सवय नसेल तर ट्रेलर दुरुस्त करणाऱ्यालाच द्या. लावताना केबल आधी ट्रेलरला, मग खांबाला. काढताना आधी खांबावरचा ब्रेकर बंद, मग खांबाकडचा प्लग, आणि प्लग धरून ओढायचा, केबल धरून नाही.

आणि ते पंजा-कोपराचं गुंडाळणं. माझ्या वडिलांचा मिरजेला मांडव आणि लाइटिंगचा धंदा होता. कुणी पोरगा कोपरावर वायर गुंडाळायला लागला की ओरडायचे, "अरे, केबल आहे ती, लोकरीचा गुंडा नाही!" कोपरावरच्या प्रत्येक फेऱ्याला केबलला एक पीळ बसतो. दहा फेरे, दहा पीळ. पुढच्या वेळी उलगडताना ते गाठी होऊन समोर येतात आणि आतली तांब्याची तार हळूहळू तुटत जाते. वडील जमिनीवर दोन फुटांचा आठाचा आकडा काढल्यासारखी वायर टाकायचे. आठाच्या एका पोटात जो पीळ पडतो, तो दुसऱ्या पोटात उलटा पडून निघतो. शेवटी एक पोट दुसऱ्यावर दुमडायचं आणि पट्टा बांधायचा. पंचवीस फुटांना दोन मिनिटं लागतात. माझी बायको हे माझ्यापेक्षा नीट करते. मला अजून शेवटचा प्लग आठात कुठे ठेवायचा ते कळत नाही.

हिवाळ्यात ट्रेलर उभा करताना त्या झाकणाच्या फटीत भांडी घासायची तांब्याची जाळी कोंबून ठेवा. उंदरांना मिशिगनमधली ही असली भोकं आपल्यापेक्षा चांगली ठाऊक असतात.

विचारलं नाहीत, तरी एक सांगतो. घरी ट्रेलरसाठी 30 अँपिअरचा पॉइंट करून घेणार असाल तर इलेक्ट्रिशियनला स्पष्ट सांगा: 120 व्होल्ट. हा तीन पिनांचा प्लग बघून काही जण त्याला कपडे वाळवायच्या मशीनसारखा समजतात आणि 240 जोडून देतात. आपण भारतात 230 व्होल्टवर वाढलेलो, आपल्यालाही त्यात वावगं वाटत नाही. पण ट्रेलर जोडताक्षणी मायक्रोवेव्ह, एसी, बॅटरीचा चार्जर, सगळं एका झटक्यात जातं. म्हणून ट्रेलर जोडण्याआधी व्होल्ट मोजायचा मीटर लावून आकडा डोळ्यांनी बघा.