आधी नशिराबादला भाड्याने राहून पाहा

पिंप्राळ्याहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३६. जळगाव एमआयडीसीत चटईच्या कंपनीत सुपरवायझर, हातात महिना ३८ हजार. पत्नी शहरातल्या खासगी दवाखान्यात नर्स, त्यांचे १६ हजार. आई सोबत असते, मुलगी तिसरीत, मुलगा बालवाडीत. घरभाडं साडेसात हजार, आणि घरमालकाने जूनपर्यंत जागा खाली करायला सांगितलंय. जळगावजवळच्या नशिराबादच्या एका लेआउटमध्ये १२ रो-हाउस बांधून तयार आहेत, त्यातलं एक २९ लाखांना मिळतंय. बिल्डर म्हणतो, करारनामा २४ लाखांचा करू, वरचे पाच रोख द्या. बँक २१ लाख ६० हजारांचं कर्ज द्यायला तयार आहे. एफडी साडेचार लाखांची आहे. कमी पडतील तिथे दोन लाख पतसंस्थेतून आणि चार लाख सोन्यावर उचलायचा विचार आहे. २१ हजार टोकन देऊन झालंय. प्रश्न एवढाच: घेऊ का?

भाऊ, गावाबद्दल माझी तक्रार नाही. तुमची कंपनी एमआयडीसीत असल्यामुळे नशिराबाद तुम्हाला सोयीचंच पडेल. तक्रार आहे ती पैसे ज्या पद्धतीने उभे करताय त्याबद्दल, आणि घाईबद्दल.

तुम्ही फक्त बँकेचा हप्ता धरलाय. साडेआठ टक्के आणि २० वर्षं धरली तर तो साधारण १८,७०० होतो. पतसंस्थेचे दोन लाख तेरा टक्क्यांनी तीन वर्षांत फेडायचे तर महिना ६,७००. सोन्यावरच्या चार लाखांचं दहा टक्क्यांनी नुसतं व्याज ३,३००, मुद्दल जागच्या जागी. बेरीज २८,७००. भाडं सोडून घरखर्च तुम्हीच २७ हजार लिहिलाय. म्हणजे ५५,७०० झाले, आणि घरात येतात ५४ हजार. यात वहिनींचं वाढलेलं पेट्रोल नाही, मुलीच्या व्हॅनचं वाढीव भाडं नाही, आईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नाही, ज्याचा उल्लेख तुम्ही पत्रात जाता जाता केलाय. पहिल्याच महिन्यात खड्डा आहे.

आणखी एक गोष्ट दिसली. ५४ हजारांतून भाडं, घरखर्च, पाच हजारांची आरडी आणि चार हजारांची भिशी वजा केली की साडेदहा हजार उरायला हवेत. ते तुमच्या कागदावर कुठेच नाहीत. उधळपट्टी करता असं मी म्हणत नाही. लग्नकार्यं, गावाकडच्या फेऱ्या, आहेर-मानपान यांत ते जात असतील. पण वीस वर्षांच्या कर्जावर सही करण्याआधी ते कुठे जातात हे माहीत पाहिजे.

आता रोखीचे पाच लाख. ‘सगळेच असं करतात’ असं तुम्ही लिहिलंय, आणि खोटं लिहिलेलं नाही. पण यात फायदा कुणाचा? बिल्डरचा कर वाचतो. तुमचे मुद्रांकाचे पंचवीस-तीस हजार वाचतील. त्या बदल्यात पाच लाखांची पावती नाही, त्यावर बँक कर्ज देत नाही, आणि उद्या व्यवहार फिसकटला तर मागायचे कशाच्या आधारावर? तुमची सगळी पतसंस्था-सोनं धावपळ या पाच लाखांपायीच चालली आहे, हे लक्षात आलंय का? शिवाय घरजमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यापुढची रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. हे बिल्डरला पक्कं ठाऊक असतं. त्याला सांगा, सगळी रक्कम चेकने देतो, भाव कमी कर. १२ पैकी पाचच घरं गेली आहेत, तीही गेल्याच्या गेल्या दिवाळीपासून, असं तुम्हीच कळवलंय. ज्याची सात घरं पडून आहेत त्याच्यासमोर घाई तुम्ही का दाखवायची?

महामार्गाच्या पाळधी-तरसोद बायपासमुळे भाव दुप्पट होतील, हे दलालाचं वाक्यही पत्रात आहे. होतीलही. पण तुम्ही राहायला घर घेताय, तिथे भाव दुप्पट झाला म्हणून तुमच्या ताटात काही वाढत नाही. उद्या विकायचं झालं तर तुमच्या शेजारचीच रिकामी घरं आधी विक्रीला असतील.

नशिराबाद कालपरवापर्यंत ग्रामपंचायत होतं, आता नगरपरिषद आहे. अशा गावात कागद बघताना दुप्पट डोळे उघडे ठेवावे लागतात, कारण दोन राजवटींचे कागद एकमेकांत मिसळलेले असतात. तुम्ही पाठवलेला ‘उतारा’ हा ग्रामपंचायतीचा नमुना ८ आहे. ती घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. मालकी सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर बघायची, आणि तिथे त्या गटाचे फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, मागे मागे वाचत जायचे: शेत कुणाचं होतं, बहिणींची नावं कमी झाली ती कशी, कर्जाचा बोजा आहे का, भोगवटादार वर्ग १ (मोकळेपणाने विकता येणारी जमीन) आहे की २ (विकायला सरकारी परवानगी लागणारी). मग बिनशेतीचा आदेश. मग लेआउट: नगररचनाकडून अंतिम मंजुरी मिळालेला आहे की नुसता तात्पुरता? बांधकाम परवानगी कुणी दिली आणि कोणत्या तारखेला? शेवटी भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम पूर्ण होऊन घर राहायला योग्य झाल्याचा दाखला. ते नसेल तर घर कायद्याच्या नजरेत बांधकाम चालू असलेलं, आणि मग वर जीएसटीही लागतो. १२ घरांचा प्रकल्प म्हणजे महारेराची (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची) नोंदणी बंधनकारक आहे, कारण आठपेक्षा जास्त घरं झाली की ती लागतेच. बिल्डरकडून नंबर घ्या आणि महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः टाकून बघा. ब्रोशरवर छापलाय म्हणून विश्वास ठेवू नका.

‘बँकेचा वकील बघतोच की’ असं म्हणू नका. तो बँकेचा वकील आहे. बँकेला तिचे २१ लाख परत येण्याशी मतलब, तुमच्या घरासमोरच्या ओपन स्पेसमध्ये उद्या कुणी टपरी टाकली तर तिला काय? स्वतःचा वकील करून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जमिनीच्या जुन्या व्यवहारांची तपासणी, करून घ्या. दहा-पंधरा हजार जातील. जाऊ द्या.

नगरपरिषद झाल्याचा एक खरा फायदा मात्र तुम्हाला आहे. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मधली व्याज सवलत ही शहरी भागासाठी आहे. वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, या तिन्हींत तुम्ही बसता. कर्जाच्या पहिल्या आठ लाखांवर चार टक्के सवलत, पाच वार्षिक हप्त्यांत जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. अडचण पुढे आहे. देशात कुठेही तुमच्या, पत्नीच्या किंवा अविवाहित मुलांच्या नावावर पक्कं घर असता कामा नये. वडील गेल्यावर धरणगाव तालुक्यातल्या घरावर तिघा भावांची नावं लागली, असं तुम्ही लिहिलंय. ते अजून मातीचं धाब्याचं घर आहे की भावांनी स्लॅब टाकलाय? स्लॅब असेल तर सवलत विसरा. धाब्याचं असेल तर अर्जात जसं आहे तसं लिहा आणि निर्णय त्यांना करू द्या. खोटं प्रतिज्ञापत्र देऊन घेतलेले पैसे परत करण्याची वेळ आली तर त्यासारखी नामुष्की नाही.

त्याच अनुषंगाने: भाऊ म्हणतात, ‘शेतीतला तुझा एक एकर सोड, चार लाख देतो.’ घराच्या गडबडीत हक्कसोडपत्रावर सही करू नका. चार लाख योग्य की कमी, हा वेगळा विषय. पण सातबाऱ्यावरून नाव गेलं की शेतकरी असल्याचा तुमचा पुरावाही जातो, आणि महाराष्ट्रात शेतजमीन पुन्हा विकत घ्यायची तर तो लागतो. कोरडवाहू का असेना, राहू द्या.

टॅक्स वाचतो म्हणून कर्ज घ्या, असं कुणीतरी तुम्हाला सांगितलंय. तुम्हाला टॅक्स बसतोच कुठे? नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. म्हणून घर एकट्या वहिनींच्या नावावर घ्यायला काहीच आडकाठी नाही. खरेदीदार फक्त महिला असेल तर राहत्या घरावर मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते, २४ लाखांवर २४ हजार. कर्जात तुम्ही सहकर्जदार राहालच. आणि बँक कर्जासोबत एकरकमी हप्त्याचा विमा चिकटवेल, तो सक्तीचा नसतो. त्याऐवजी स्वतःची साधी पन्नास लाखांची टर्म पॉलिसी काढा. ती आजवर काढलेली नाही हे वाचून मला घरापेक्षा जास्त काळजी वाटली.

मग करायचं काय? जूनमध्ये जागा खाली करायचीच आहे ना? त्याच लेआउटमध्ये विकलेल्या पाचांपैकी तीन घरांना कुलूप आहे, मालक गुंतवणूकवाले, असं तुम्ही लिहिलंय. त्यांतलं एक भाड्याने घ्या. साडेपाच हजारांत मिळेल असा अंदाज तुम्हीच दिलाय. आणि एक वर्ष तिथे राहा.

घर बघायला दलाल डिसेंबरात नेतो. हवा छान, बाजूच्या मळ्यात भरीत-पुरी, कुणाचंही मन विरघळेल. त्याच घरात मे महिन्यात दुपारी दोनला उभं राहून बघा, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, पश्चिमेची भिंत आणि डोक्यावर उघडा स्लॅब. नळाला पाणी किती दिवसांआड येतं, लेआउटच्या बोअरला एप्रिलनंतर काही राहतं का, टँकर कोण आणि केवढ्याला टाकतं, हे बिल्डर सांगणार नाही, शेजारीण सांगेल. पावसाळ्यात गटारी कुठे तुंबतात ते दिसेल. आतले रस्ते, दिवे आणि ओपन स्पेस नगरपरिषदेच्या ताब्यात दिलेत की अजून बिल्डरकडेच आहेत, तेही कळेल. नसतील दिले तर बंद दिव्याची तक्रार नगरपरिषदेकडे करून उपयोग नाही. घरपट्टी आज कमी वाटते, पण नगरपरिषदेत दर चार वर्षांनी फेरआकारणी असते, तेही धरून चाला.

आणि जमीन. हा सगळा पट्टा काळ्या मातीचा. पाऊस पडला की ती फुगते, उन्हाळ्यात फाटते. पाया मुरमापर्यंत नेलेला नसेल तर जोत्याखालची भर खचते आणि भिंती बोलायला लागतात. माझ्या पहिल्या घराच्या स्वयंपाकघरात तिसऱ्या उन्हाळ्यात करंगळी जाईल एवढा तडा गेला होता. बांधणाऱ्याने फोन उचलणं त्याआधीच सोडलं होतं. नव्या रंगाखाली हे दिसत नाही. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेला की दिसतं.

सगळ्यात मोठी परीक्षा वहिनींच्या रात्रपाळीची. रात्री दवाखाना सुटल्यावर दहा-बारा किलोमीटर, हायवेवर ट्रक-ट्रेलरांच्या रांगेतून दुचाकीवर. त्यांना ते जमतं का, त्यांची इच्छा आहे का, हे पत्रात कुठेच नाही. पत्र तुमचं आहे, पण घरखर्चातले सोळा हजार त्यांचे आहेत, आणि प्रवासामुळे त्यांनी नोकरी सोडली तर हा सगळा हिशेब कोसळतो.

या वर्षात हप्त्याची तालीम करा. भाडं साडेपाच हजार आणि आरडी पाचाऐवजी तेरा हजार, मिळून साडेअठरा. जणू हप्ता सुरूच झालाय. हरवलेले साडेदहा हजार आपोआप सापडतील. चौदा महिने पाळलं तर आरडीत एक लाख ८२ हजार आणि वर व्याज, एफडी धरून सव्वासहा-साडेसहा लाख. पीएफमध्ये तुमचे सव्वातीन लाख आहेत, घरासाठी त्यातून काढता येतात, दीड लाख घ्या. झाले आठ लाखांच्या आसपास. घर २७ लाखांना, सगळं कागदावर, कर्ज २१ लाख. उरलेले सहा आणि मुद्रांक-नोंदणी-वकिलाचे पावणेदोन लाख तुमच्या खिशातून. हप्ता १८,२००, उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शाच्या किंचित वर. पतसंस्था नाही. बारा तोळे सोनं कपाटातच, अडीअडचणीला. आमच्या सुवर्णनगरीत सोनं गहाण ठेवायला कुणी लाजत नाही, पण ते दवाखान्यासाठी ठेवावं, बिल्डरच्या वरच्या पैशांसाठी नाही.

तालीम चार महिन्यांत मोडली, आरडी चुकली, तर समजा की आज घेतलं असतं तर तो बँकेचा हप्ता चुकला असता. आणि वर्षभरात ते घर दुसऱ्याने घेतलंच, तर बाकीच्या सहांपैकी एक बघू.

राहिलं टोकन. २१ हजारांची पावती आहे का? नसेल तर आधी बिल्डरच्या लेटरहेडवर घर क्रमांक आणि तारखेसह लिहून घ्या, मगच ‘वर्षभर थांबतो’ म्हणून सांगा. आधी सांगितलंत तर पावती मिळायची नाही. परत देत असेल तर घ्या. नाही दिले तर २१ हजार गेले. वाईट वाटेल, पण तेवढ्यासाठी २९ लाखांच्या व्यवहारात ओढले जाऊ नका. पतसंस्थेचा फॉर्म तुम्ही दोन जामीनदारांच्या सह्या घेऊन भरून ठेवलाय म्हणता. सोमवारी जाऊन तो परत आणा, आणि त्या दोघांनाही फोन करून सांगा.