बसऱ्याला गेलेले पणजोबा

प्रश्न : आमच्या देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी तळहाताएवढी एक जाड धातूची चकती आहे. तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली बाई, पायाशी सिंह आणि इंग्रजीत पणजोबांचं नाव. आजी तिला रोज हळदकुंकू वाहायची. ‘सासरे पलटणीत होते, बसऱ्याला गेले ते गेलेच,’ एवढंच ती सांगायची. ते कुठे आणि कसे गेले हे आता शोधता येईल का?
– एक वाचक, महाड तालुका

उत्तर : येईल. पण आधी एक विनंती, ती चकती चिंचेने घासू नका. ती काशाची आहे आणि पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या घरच्यांनाच ती मिळाली. म्हणजे पणजोबा युद्धातच गेले, हे घरातच सिद्ध झालं.

अडचण अशी की चकतीवर नुसतं नाव असतं. हुद्दा नाही, नंबर नाही. आणि शोध नंबराने लागतो, कारण एकेका पलटणीत एकाच नावाचे कितीतरी जण असत. म्हणून मेडलं शोधा. मेडलाच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. चांदीचं मेडल बऱ्याच घरांतून सोनाराकडे गेलं, पण दुसरं काशाचं असतं. ते ट्रंकेच्या तळाशी, पेन्शनच्या कागदांत सापडतं. आमचं मिठाच्या बरणीखाली होतं.

आमचं म्हणजे माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचं. ते ११० नंबरच्या मराठा पलटणीत शिपाई होते. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था. तिच्या नोंदी संगणकावर फुकट पाहता येतात. तिथे मी आमचं आडनाव घालून दोन महिने शोधत बसले. काही मिळेना, कारण लिहिणाऱ्याने ते इंग्रजी कानाने ऐकलं होतं. शेवटी गावाचं नाव पाच तऱ्हांनी लिहून पाहिलं आणि त्यांच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या पणजोबांच्या नावावरून नोंद पटली : अमक्याचा मुलगा, अमुक गाव, तालुका, जिल्हा. तुम्हीही गावापासूनच सुरू करा. जिल्हा मात्र तेव्हाचा घाला. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होतं, रायगड हे नाव १९८१ चं.

नोंदीत मृत्यूची तारीख असते. बाकी सगळं ती तारीख सांगते. २२ नोव्हेंबर १९१५ असेल, तर आजच्या इराकमध्ये, बगदादच्या अलीकडे झालेली टेसिफोनची लढाई. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ च्या मधली असेल आणि पलटण १०३, ११० किंवा ११७ असेल, तर बहुधा तिथल्याच कुट गावाला तुर्की फौजेने घातलेला वेढा. या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमधून तिथे अडकल्या होत्या. अन्न संपत आलं तेव्हा घोड्याचं मांस देऊ केलं गेलं. आपल्या कितीतरी शिपायांनी ते कित्येक दिवस नाकारलं. २९ एप्रिल १९१६ ला जवळजवळ १३ हजार माणसं शरण गेली. तारीख त्यानंतरची असेल, तर मनाची तयारी करून पुढचं वाचा. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि बरेच हिंदी शिपाई आजच्या सीरियातल्या रास अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. आमच्या थोरल्या आजोबांची तारीख ऑगस्ट १९१६ ची निघाली. ते वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

बसऱ्याच्या स्मारकावर त्यांचं नाव असेल असं समजू नका. तिथे हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांचा मात्र पलटणीगणिक नुसता आकडा. नावं राहिली ती वह्यांमध्ये. २०२१ मध्ये कमिशनने या भेदभावाबद्दल माफी मागितली. मला ती उशिराची वाटली, तरी हवी होती.

नंबर आणि तारीख हाती आली की बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहा. पत्रात पलटणीचा जुना नंबर आणि नवा, दोन्ही घाला. १९२२ मध्ये सगळे नंबर बदलले आणि ११० ची पाचव्या मराठाची तिसरी बटालियन झाली. पलटणींच्या रोजनिशा लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. त्यांत शिपायाचं नाव क्वचितच भेटतं, पण त्या दिवशी पलटण कुठे होती, पाणी होतं की नव्हतं, हे कळतं.

गावात कुठे ‘या गावातून इतके लढाईला गेले, इतके परतले नाहीत’ अशी इंग्रजी संगमरवरी पाटी असली, तर तिचाही फोटो काढून ठेवा. आकड्यातला एक तुमचा आहे, बाकीच्यांची घरंही अजून गावातच असतील. त्यांना विचारा.

तारीख मिळाली की जुन्या पंचांगातून तिथी काढून घ्या. तिथी माहीत नव्हती म्हणून आमच्याकडे थोरल्या आजोबांचं पान सर्वपित्रीला, सगळ्यांच्या शेवटी वाढलं जायचं. गेली तीन वर्षं ते श्रावणात, त्यांच्या तिथीला वाढतो.