डॅशबोर्डवर आलेला फुगा सुईने ग्लू भरून बसेल का?

तुमची गाडी 2012 ची, सेकंडहँड. डॅशबोर्डवर काचेजवळ तळहाताएवढा एक फुगा आणि डावीकडे, शेजारच्या सीटसमोर, एक छोटा. शोरूमवाले म्हणतात अख्खा डॅशबोर्ड बदला, आणि तुम्ही विचारताय की इंजेक्शनच्या सुईने ग्लू भरला तर भागेल का.

माझं सांगलीत कुशन आणि सीट कव्हरचं काम आहे. उन्हाळा लागला की असे डॅशबोर्ड येतातच. काचेजवळचा फुगा बसेल, पण सुईने नाही. डावीकडच्याला हातच लावू नका, कारण पुढे सांगतो.

फुगा आलाय म्हणजे तुमचा डॅशबोर्ड थरांचा आहे. खाली कडक प्लास्टिकचा सांगाडा, त्यावर फोम, सगळ्यात वर पीव्हीसीची कातडी. बोटाने दाबलं की दबतो तो हाच. नुसत्या कडक प्लास्टिकच्या डॅशबोर्डला असा फुगा येत नाही, तो तडकतो नाहीतर वाकतो. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळलेलं असतं. उन्हाने ते हळूहळू उडून जातं (समोरची काच आतून कितीही पुसली तरी तेलकट होते, त्यात याचाही वाटा असतो). मग कातडी कडक होते, आवळते आणि फोमपासून सुटते.

पण सांगलीत सेकंडहँड गाडी म्हटली की मी आधी दुसरंच बघतो. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, तिथली धोका पातळी 45 फूट आहे. 2021 ला पुन्हा पूर आला. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊनपुसून पुढे गेल्याच. फोमने पाणी धरलेलं असेल तर वरून कितीही चिकटवा, कातडी पुन्हा सुटणार. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, मातीची रेघ दिसते का. स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, सीटच्या पट्टीच्या बोल्टांना गंज, एसी लावल्यावर कुबट वास, यातलं काही सापडलं तर डॅशबोर्डचं सोडा, आधी वायरिंगवाल्याकडे जा. फक्त काचेच्या कडेलाच ओल असेल तर काचेचं रबर किंवा सीलंट गळतंय, ते आधी करून घ्या.

आता डावीकडचा फुगा. तिथे आसपास 'एअरबॅग' असं कोरलेलं आहे का बघा. आपल्याकडे शेजारच्या सीटची एअरबॅग नव्या मॉडेलना 2021 पासून सक्तीची झाली, पण त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांना ती आहे. कातडी तिथे फाटावी म्हणून आतून चौकोनात बारीक चिरलेली असते, वरून काही दिसत नाही. धडक झाली की डोळ्याची पापणी लवायच्या आत ती फुटून पिशवी बाहेर येते. तिथे ग्लू भरला, लांबी मारली, वरून रेक्झिन ओढलं, तर पिशवी उशिरा किंवा वेडीवाकडी उघडेल आणि वाळलेल्या ग्लूचे तुकडे बसलेल्याच्या तोंडावर येतील. त्या चौकोनावरचा फुगा दिसायला वाईट दिसतो, एवढंच. राहू दे.

सुईने का नाही? आम्ही रेक्झिन चिकटवायला जो ग्लू वापरतो, ज्याला सोल्युशन म्हणतात, ते दोन्ही बाजूंना लावून, वारं लागून सुकल्यावर मगच चिकटवायचं असतं. सुईने आत सोडलं तर त्यातला थिनर उडायला जागाच नसते. वरून बंद, दुपारी गाडी तापली की त्याच वाफेने दुसरा फुगा. लाकडाचा पांढरा ग्लू भरायला काही जण सांगतात, तो उष्णतेने मऊ पडतो. अमेरिकेत ॲरिझोनात संशोधकांनी तासभर उन्हात ठेवलेल्या गाड्यांचं तापमान मोजलं होतं (अभ्यास 2018 मध्ये छापून आला), तेव्हा डॅशबोर्ड सरासरी 69 अंशांवर गेले होते. सावलीतल्या गाड्यांचे 48 वर. आपला एप्रिल तेवढा नसेल, तरी ग्लू निवडताना 70 अंश धरूनच निवडा. डब्यावर लिहिलेलं असतं. फेविक्विक तर नकोच, कडक होतं आणि आजूबाजूला पांढरा डाग पडतो.

मोठा फुगा कसा बसवायचा ते सांगतो. पहाटे, गाडी थंड असताना बघा. फुगा बसलेला दिसला आणि दुपारी वर आला, तर आत नुसती हवा आहे, काम सोपं. दिवसभर तसाच राहत असेल तर कातडी ताणली गेलीय, थोडी कापावी लागेल.

जागा शाम्पूच्या पाण्याने पुसा आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. याआधी कुणी चकचकीत पॉलिश मारलं असेल तर त्यातलं सिलिकॉन राहतं आणि त्यावर कुठलाच ग्लू धरत नाही. थिनर किंवा ॲसिटोन लावू नका, कातडी चिघळते. मग काचेच्या बाजूला, जिथे सहसा नजर जात नाही, तिथे नव्या ब्लेडने छोटा काप द्या. जुनं ब्लेड ओढतं आणि कडा फाटतात. हेअर ड्रायरने कातडी हाताला सोसेल एवढी गरम करा. हीट गन दुकानात आमच्या हाताला बसलेली असते, तुम्ही वापरलीत तर डॅशबोर्डचे दाणे वितळून तिथे काचेसारखा चट्टा पडेल, आणि तो जात नाही.

कापातून कान साफ करायच्या काडीने सोल्युशन आत फोमला आणि कातडीच्या खालच्या बाजूला, दोन्हीकडे पातळ लावा. काप उघडा धरून थांबा. बोटाला चिकटेनासं झालं की लांबच्या टोकाकडून कापाकडे दाबत या, म्हणजे हवा बाहेर निघेल. कडा एकमेकींवर चढत असतील तर जास्तीची सुतभर पट्टी आत्ताच कापा. वर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर वाळू भरलेली कापडी पिशवी ठेवा. फळीपेक्षा वाळू बरी, डॅशबोर्डच्या गोलाईवर सारखी बसते. रात्रभर नाही, पूर्ण 24 तास, आणि गाडी सावलीत. काचा थोड्या खाली ठेवा, सोल्युशनचा वास डोक्यात जातो.

कापाची रेघ जवळून दिसेल, हे मान्य करूनच हात घाला. अजिबात दिसू नये असं हवं असेल तर डॅशबोर्ड काढून कातडी बदलणं हाच मार्ग. त्यासाठी बॅटरी सोडून, थोडा वेळ थांबून, एअरबॅगची जोडणी काढावी लागते. ते घरी करायचं काम नाही. शिवाय एकदा निघालेला डॅशबोर्ड पुन्हा बसवला की कुठली तरी क्लिप कुरकुरतेच, म्हणून एका फुग्यासाठी मी तरी काढायला सांगणार नाही.

कुशनवाल्याकडे दिलीत तर काम सांगण्याआधी विचारा, 'एअरबॅगच्या चौकोनावर काय करणार?' 'काही होत नाही, वरून एकसंध ओढून देतो,' म्हणाला तर चावी परत घ्या.