‘प्रीती’, ‘पवित्र’ आणि सोवळं

प्रश्न असा आला आहे: ख्रिस्ती स्नेह्यांकडच्या लग्नात ‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे’ हा उतारा ऐकला. तिथे साधं ‘प्रेम’ का नाही? आणि ही मंडळी ‘पवित्र जीवन’ म्हणतात, ते आपलं सोवळंच का?

‘प्रेम’ आणि ‘प्रीती’ दोन्ही संस्कृत ‘प्री’ धातूतले. मराठी बायबलमध्ये ‘प्रीती’ रुळली, वचनं तशीच पाठ होत गेली. नव्या भाषांतरांत ‘प्रेम’ही आढळतं. बाहेरच्या कानाला ‘प्रीती’ नाट्यगीतातली वाटते, त्याला इलाज नाही. मूळ ग्रीक शब्द ‘आगापे’, म्हणून ‘प्रीती’ वरच्या दर्जाची आणि ‘प्रेम’ खालच्या, असंही कुणी कुणी सांगतं. मला ते पटत नाही. जुन्या कराराच्या, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व भागाच्या, ग्रीक भाषांतरात राजपुत्र अम्नोनाला सावत्र बहीण तामारेविषयी वाटलेल्या वासनेलाही ‘आगापे’च म्हटलं आहे. खरी गंमत क्रियापदात आहे. प्रेम वाटतं, बसतं, जडतं. हुकमावरून कुणाला वाटत नाही. इथे मात्र आज्ञार्थ आहे: ‘आपल्या शत्रूंवर प्रीती करा.’ करायची म्हटली की ती वागण्यात आली.

आता ‘पवित्र’. मूळ हिब्रू शब्दाचा रोख ‘देवासाठी वेगळा काढलेला’ असा आहे, त्यामुळे सोवळ्याची आठवण होणं साहजिक. जुन्या करारातल्या ज्या लेवीय पुस्तकात तो वारंवार येतो, त्यात विटाळाचे नियमही भरपूर आहेत. पण त्याचा 19वा अध्याय उघडा. ‘तुम्ही पवित्र असा’ अशी सुरुवात आणि पुढे काय, तर शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करू नका, गळालेली द्राक्षं वेचू नका, ती गरिबाला आणि परक्याला राहू द्या. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवून ठेवू नका. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. पिकल्या केसांपुढे उठून उभे राहा. तराजू आणि मापं खरी ठेवा. ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे वाक्यही याच यादीत, 18व्या वचनात. येशूने दोन मुख्य आज्ञांतली दुसरी म्हणून उचललं ते हेच. म्हणजे बाजारात माप मारणारा माणूस कितीही उपासतापास करो, या अध्यायाच्या हिशेबी तो पवित्र नाही.

सोवळं स्पर्शाने मोडतं. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त वडिलांच्या सोवळ्याचं जे वर्णन केलंय, ते वाचलं की ही धास्ती कळते. शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, येशू कुष्ठरोग्याला हात लावतो आणि शुद्ध होतो तो कुष्ठरोगी. तेव्हा या अर्थी ‘पवित्र’ला ‘सोवळं’ हा प्रतिशब्द वापरू नये.

जाता जाता ‘पवित्र जन’. कॅथलिक मंडळी ‘संत’ म्हणतात ते साधारणपणे चर्चने घोषित केलेल्यांना, जसे संत फ्रान्सिस झेविअर. पौल या आद्य ख्रिस्ती प्रचारकाच्या, बायबलमधल्या पत्रांतले ‘पवित्र जन’ म्हणजे स्थानिक चर्चमधली साधी माणसं. करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती लोकांना तो याच नावाने लिहितो. ते तर एकमेकांना कोर्टात खेचत होते, आणि प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ एकत्र घेतलेल्या जेवणाला, एक उपाशी तर दुसरा झिंगलेला! लग्नात ऐकलात तो उतारा त्याच पत्रातला, याच भांडकुदळांसाठी लिहिलेला. नवराबायकोचा त्या उताऱ्यात उल्लेखही नाही.