‘इतकी वर्षे गप्प का बसला?’ या प्रतिक्रियेविषयी

तुम्ही लिहिले आहे की ‘लॉ अँड ऑर्डर : स्पेशल व्हिक्टिम्स युनिट’ या अमेरिकी मालिकेचा एक जुना भाग घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. लहान मुलांना बास्केटबॉल शिकवणारा एक प्रतिष्ठित प्रशिक्षक वर्षानुवर्षे त्यांच्यावर लैंगिक अत्याचार करत आलेला असतो. त्याच्याच हाताखाली मोठा झालेला एक नामवंत खेळाडू हे सारे माहीत असूनही, किंबहुना स्वतः सोसलेले असूनही, आधी साफ नाकारतो. त्यावर तुमचे थोरले बंधू म्हणाले, “एवढा पैसा, एवढे नाव, मग इतकी वर्षे झोपला होता का?” आणि थोड्या वेळाने तुमची मामेबहीण काही न बोलता उठून आत गेली. अशा प्रतिक्रिया सर्रास दिसतात का, आणि लहानपणी असे काही सोसलेल्या माणसांना या मालिकांचा उपयोग होतो की त्रासच होतो, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. शाळेत समुपदेशनाचे काम केल्यामुळे आणि ही मालिका बरीच वर्षे पाहत आल्यामुळे मी सविस्तर उत्तर देते.

दोन्ही प्रतिक्रिया अतिशय सर्रास दिसतात. माझे मत आधीच सांगते: मालिकेने किती त्रास झाला यापेक्षा, ती पाहताना शेजारी बसलेले आपले माणूस काय बोलले, याचा परिणाम सोसलेल्या माणसावर कितीतरी अधिक होतो. पडद्यावरचा खेळाडू काल्पनिक असतो, त्याला तुमच्या बंधूंचे शब्द ऐकू जात नाहीत. घरात ज्याने किंवा जिने आजवर तोंड उघडलेले नाही, अशा माणसाला मात्र ते ऐकू जातात. आपण बोललो असतो तर आपलेच लोक काय म्हणाले असते, याचा अंदाज त्याला आयताच मिळतो.

या मालिकेच्या बाबतीत प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांना स्वतंत्र इतिहास आहे. १९९९ च्या सप्टेंबरात एनबीसी वाहिनीवर ती सुरू झाली. तपास अधिकारी ऑलिव्हिया बेन्सन हिची भूमिका करणाऱ्या मारिस्का हार्गिटे यांना प्रेक्षकांची पत्रे येऊ लागली, आणि त्यांतली कित्येक नेहमीच्या चाहत्यांच्या पत्रांसारखी नव्हती. स्वाक्षरी किंवा छायाचित्र मागण्याऐवजी लोक स्वतःवर झालेल्या अत्याचाराची हकिकत लिहून पाठवत होते, आणि कितीतरी जण ती आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होते. त्या पत्रांनी हार्गिटे इतक्या हलल्या की त्यांनी संकटग्रस्तांना आधार देण्याचे रीतसर प्रशिक्षण घेतले आणि २००४ मध्ये अत्याचार सोसलेल्यांसाठी ‘जॉयफुल हार्ट फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली. लोकांनी एका अभिनेत्रीला असे का लिहावे, असे कोणालाही वाटेल. मला त्याचे कारण साधे वाटते. बेन्सन समोरच्याचे बोलणे मध्येच तोडत नाही आणि “तेव्हाच का नाही सांगितलेस?” हा तिचा पहिला प्रश्न नसतो. घरात जे मिळाले नाही ते पडद्यावर दिसल्याबरोबर माणसे तिकडे ओढली गेली.

याच हार्गिटे यांनी २०२४ च्या जानेवारीत एका नियतकालिकात लेख लिहून सांगितले की तिशीत असताना त्यांच्यावर एका परिचित मित्राने बलात्कार केला होता आणि कितीतरी काळ त्यांनी ती गोष्ट स्वतःपासूनही दूर ठेवली होती. ज्या बाईने हजारो लोकांना विश्वास दिला, जिच्यापाशी या विषयातली माहिती आणि मदत दोन्ही होत्या, तिलाही उघडपणे बोलायला इतकी वर्षे लागली. तुमच्या बंधूंना हे आवर्जून सांगा.

आता त्या खेळाडूविषयी. हा भाग सप्टेंबर २०११ मध्ये प्रसारित झाला. एक माणूस इतकी वर्षे इतक्या मुलांना छळतो आणि कोणालाच पत्ता लागत नाही, हे ज्यांना तेव्हा अतिरंजित वाटले असेल, त्यांना फार काळ थांबावे लागले नाही. दीड महिन्याच्या आतच अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे माजी साहाय्यक प्रशिक्षक जेरी सँडस्की यांना अटक झाली. जून २०१२ मध्ये ज्यूरीने ४८ पैकी ४५ आरोपांत त्यांना दोषी ठरवले. वंचित मुलांसाठी त्यांनीच काढलेल्या संस्थेतून ती मुले त्यांच्या संपर्कात आली होती. साक्ष देणारे तोवर तरुण झाले होते, आणि त्यांनाही “आजवर का नाही बोललात?” या प्रश्नाला तोंड द्यावे लागले.

लहान मूल गप्प बसते त्यामागे केवळ धमकी असते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात धमकी न देताही मुलाला गप्प करता येते. असा माणूस आधी घरच्यांचा विश्वास मिळवतो, मुलाला बूट, बॅट, मोबाइल घेऊन देतो, स्पर्धेला नेतो, “तुझ्यात काहीतरी विशेष आहे” असे म्हणतो. ज्या मुलाच्या वडिलांना वेळ नसतो त्याला तो वडिलांच्या जागी वाटू लागतो. मग जे घडते ते त्या मायेत इतके मिसळून गेलेले असते की मुलाला ते वेगळे काढून दाखवता येत नाही. आपण भेटवस्तू घेतली, आपण स्वतःहून त्याच्या गाडीत बसलो, म्हणजे आपणही सामील आहोत, असेच त्याला वाटत राहते. मुलगा असेल तर पुरुषपणाच्या कल्पनांची भर पडते. खेळाडू असेल तर ज्याने आपल्याला घडवले त्याच्याविषयी बोलणे म्हणजे स्वतःच्या सगळ्या कमाईवर डाग लावणे, असे वाटू लागते. म्हणून नाव आणि पैसा मिळाल्यावर बोलणे सोपे होते, हे गृहीतकच मला पटत नाही. गमावण्यासारखे जितके जास्त, तितके तोंड उघडणे कठीण.

हा माझा नुसता तर्क नाही. प्रौढांना त्यांच्या बालपणाविषयी विचारून केलेल्या अभ्यासांचा कमाला लंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आढावा घेतला, तेव्हा लहानपणी कोणाला तरी सांगितले होते असे म्हणणारे साधारण एक तृतीयांशच निघाले. आपल्याकडे केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत महाराष्ट्र आणि गोवा धरून १३ राज्यांतील १२,४४७ मुले होती. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले आणि त्यांतल्या बहुतेकांनी तो कोणालाही सांगितलेला नव्हता.

ही मालिका ज्या न्यूयॉर्कमध्ये घडते, त्या राज्याच्या कायद्यालाही हे उशिरानेच उमगले. लहानपणी अत्याचार झालेल्या माणसाला दिवाणी दावा लावायचा तर बहुतेक प्रकरणांत वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंतच मुदत होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये लागू झालेल्या ‘चाइल्ड व्हिक्टिम्स ॲक्ट’ने ती ५५ वर्षांपर्यंत नेली, आणि ज्यांची मुदत केव्हाच उलटून गेली होती त्यांच्यासाठी ऑगस्ट २०१९ पासून खास सवलतीचा काळ ठेवला, जो पुढे कोविडमुळे वाढवून ऑगस्ट २०२१ पर्यंत नेण्यात आला. तेवढ्यात दहा हजारांहून अधिक दावे दाखल झाले. ही सगळी माणसे झोपलेली नव्हती. दार बंद होते, ते उघडल्याबरोबर ती आत आली.

प्रेक्षकांची आणखी एक प्रतिक्रिया मला नेहमी खटकते, ती पुराव्याची. गुन्हेमालिका पाहून पाहून आपल्याला वाटू लागले आहे की वैद्यकीय तपासणीत काही सापडले नाही म्हणजे काही घडलेच नसेल. लहान मुलांच्या बाबतीत हे धडधडीत चुकीचे आहे. कॅलिफोर्नियातील ॲस्ट्रिड हेगर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये, अत्याचाराच्या संशयावरून तपासणीला आणलेल्या २,३८४ मुलांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ९६ टक्के मुलांची शारीरिक तपासणी सामान्य निघाली. अत्याचाराचे कितीतरी प्रकार शरीरावर खूण ठेवत नाहीत, ठेवली तरी मुलांच्या जखमा लवकर भरून येतात, आणि मूल बोलेपर्यंत महिने उलटलेले असतात. मुलाचे बोलणे हाच बहुतेक वेळा मुख्य पुरावा असतो. प्रयोगशाळेतल्या निळ्या उजेडाची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्या बोलण्याचे वजन आपल्या लेखी कमी झाले आहे, आणि याचा दोष मी अशा मालिकांनाही देते.

तरीही सगळ्या गुन्हेमालिका एकाच मापाने मोजू नयेत. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या स्टेसी हस्ट आणि सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या ३१३ विद्यार्थ्यांची पाहणी करून ती २०१५ मध्ये प्रसिद्ध केली. ‘लॉ अँड ऑर्डर’ गटातल्या मालिका पाहणाऱ्यांमध्ये बलात्काराविषयीचे गैरसमज कमी आढळले आणि संमतीचा आदर करण्याची तयारी अधिक आढळली. प्रयोगशाळेतल्या पुराव्यांवर भर देणाऱ्या ‘सीएसआय’ गटातल्या मालिकांच्या बाबतीत चित्र तसे नव्हते. अशा पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही, कारण मुळात संवेदनशील माणसेच त्या मालिकेकडे वळत असतील. पण सोसलेल्या व्यक्तीचे म्हणणे कथेत किती वेळ ऐकले जाते, याने फरक पडत असावा असे मला मनापासून वाटते.

त्रासही होतोच. तासाभरात तपास, अटक आणि खटला उरकतो, आरोपी साक्षीच्या पिंजऱ्यात कोसळतो, आणि सोसलेल्या माणसाचे पुढे काय झाले ते बहुधा कळत नाही. ज्याची तक्रार वर्षानुवर्षे रेंगाळली आहे त्याला हे पाहून आपणच कुठेतरी कमी पडलो असे वाटू शकते. माझ्या ओळखीतल्या एक बाई ही मालिका नियमाने पाहत, पण चौकशीच्या खोलीतला प्रसंग सुरू झाला की कपड्यांच्या घड्या घालायला घेत. नजर साडीच्या काठावर असे आणि कान पडद्याकडे असत. त्या घडी घालत, मोडत, पुन्हा तीच घडी घालत. त्यांना कोणी काही विचारले नाही आणि त्यांनी काही सांगितले नाही. पाहणे आणि न पाहणे यांतले अंतर त्या स्वतः ठरवत होत्या, आणि ते त्यांच्या हातात असणे मला फार महत्त्वाचे वाटले.

आपल्याकडच्या प्रेक्षकाने एक गोष्ट मात्र वेगळी लक्षात ठेवावी. पडद्यावर दिसणारी आरशाची खोली आणि टेबलावर आपटलेली फाईल पाहून, पोलिसांकडे गेलो तर मुलाला असेच बसवतील, अशी भीती पालकांना वाटते. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. प्रत्यक्षात हे सगळीकडे नीट पाळले जात नाही, म्हणूनच पालकांना ते माहीत असले पाहिजे आणि त्यांनी ते मागितले पाहिजे. तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना आपल्याकडे कालमर्यादा नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. मूल आत्ता संकटात असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

राहिली तुमची मामेबहीण. ती उठून गेली यावरून कृपया कोणताही निष्कर्ष काढू नका. डोके दुखत असेल, विषय नकोसा वाटला असेल, किंवा बंधूंचा आवाज चढलेला आवडला नसेल. तिला एकटीला गाठून “तुझ्या बाबतीत काही झालंय का?” असे विचारू नका, आणि आई-मामींच्या कानावरही घालू नका. बंधूंशी मात्र बोला, आणि जमल्यास ती घरात असताना, नेहमीच्या आवाजात, जेवणाच्या वेळी बोला. हार्गिटे यांची हकिकत सांगा, न्यूयॉर्कचा कायदा सांगा, आणि त्या खेळाडूवर तुमचा स्वतःचा विश्वास बसला होता, हेही सांगा. त्यांचे मत लगेच बदलेल असे नाही. त्यांना शेवटी काही पटले नाही, तरी त्या घरात दुसरे मतही आहे आणि ते कोणाचे आहे, एवढे ऐकणाऱ्याला कळेल. पुढे कधी तिने काही सांगितलेच, तर तारखा आणि तपशील विचारत बसू नका. ऐकून घ्या, विश्वास आहे असे स्पष्ट शब्दांत सांगा, आणि पुढे काय करायचे ते तिला ठरवू द्या. आणखी एखाद्या लहान मुलाला आजही धोका आहे असे तिच्या बोलण्यातून कळले, तर तेवढ्यापुरता हा सल्ला बदलतो. तेव्हा ती माहिती पोलिसांना देणे पॉक्सो कायद्याने तुमच्यावर बंधनकारक आहे, आणि तसे तिला आधी सांगून मगच पाऊल उचला.